कापूस, बोंडअळी आणि सरकार: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातली. ९ एकर वावर, त्यातली ५ एकर दरवर्षी पऱ्हाटी (म्हणजे कापूस), बाकी तूर-सोयाबीन. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, कॉलेजातली पोरं, शेजारच्या गावचे कास्तकार, सगळे फिरून फिरून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

बोंडअळी बोंडअळी म्हणता, ती नेमकी कोणती? आधी तर हिरवी अळी होती ना?

हो, नव्वदच्या दशकात जिने कास्तकाराला रडवलं ती हिरवी बोंडअळी, अमेरिकन म्हणायचे तिला. ती कापूस, तूर, हरभरा सगळंच खाते आणि डोळ्याला दिसते. आताची जी आहे ती गुलाबी. ही जवळपास कापसावरच जगते, आणि हिचा खरा त्रास असा की ती दिसतच नाही. पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडावर अंडी घालतो, बारीक अळी बोंडात शिरते आणि ते शिरलेलं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. आत ती बसून सरकी खाते. बोंड फुटतं तेव्हा कळतं की कापूस पिवळा पडलाय, पाकळ्या धड उघडत नाहीत, वेचताना हातात कवडी, म्हणजे किडका कापूस, येते. तोवर तुम्ही तीन फवारे मारून पैसे घालवलेले असतात आणि एकही फवारा त्या अळीपर्यंत पोचलेला नसतो.

पण बीटी बियाणं म्हणजे अळी लागत नाही असंच सांगितलं होतं ना?

बीटी म्हणजे ज्या बियाण्यात अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेलं असतं ते. सांगितलं होतं तसंच, आणि सुरुवातीला खरंही होतं, ते मी नाकारत नाही. २००२ च्या मार्चमध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. हिरव्या अळीवर त्याचा फरक पडला, फवारे कमी झाले, माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा मनासारखा कापूस घरात आणलेला मला आठवतो.

पण गुलाबी अळीने वाट काढली. आधी गुजरातेत, २००९-१० च्या आसपास, एका जनुकाच्या बीटीला ती दाद देईना असं दिसलं. मग दोन जनुकांच्या बीटीवरही गुजरातेत तेच, आणि २०१७ ला आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तिने वावरंच्या वावरं खाल्ली. म्हणजे इशारा मिळाल्यावर हातात सात-आठ वर्षं होती. मला राग आहे तो या सात-आठ वर्षांचा. अळी बदलणारच, तो तिचा निसर्ग आहे, पण शेजारच्या राज्यात काय चाललंय ते आमच्या बांधापर्यंत कोणी आणून सांगितलं नाही, पाकिटावर मात्र तेच हसरे फोटो होते.

यात चूक कास्तकाराचीच आहे असं शास्त्रज्ञ म्हणतात. त्याने रेफ्युजी लावली नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते. नियम असा होता की ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी यायची, हीच रेफ्युजी, ती कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्रात लावायची. म्हणजे तिथे साधी, न बदललेली अळी जगेल, तिच्या पतंगांचा बदललेल्या पतंगांशी संकर होईल आणि अळी बीटीला लवकर निर्ढावणार नाही. कल्पना बरोबर आहे. आमच्याकडे मात्र ती पुडी बहुतेकांनी धुऱ्यावर फेकली किंवा ढोरांना घातली. आम्हीही फेकली, खोटं कशाला बोलू.

आता विचार करा, ५ एकरवाल्याला तुम्ही सांगता की तुझ्या २० टक्के वावरात अळीला मुद्दाम जेवू घाल, का तर दहा वर्षांनी सगळ्या देशाचा फायदा होईल. त्याचं नुकसान भरून कोण देणार? कोणीच नाही. पुडीतलं बी उगवायचंही नाही धड, आणि ती का लावायची हे दुकानदाराने सांगितलं नाही कारण त्यालाच माहीत नव्हतं. पुढे सरकारने बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून द्यायला लावलं, आता ४७५ ग्रॅमचं पाकीट येतं ते तेच. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे बीटी आला तो जवळजवळ सगळा संकरित वाणांत. चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे सरळ, म्हणजे संकर न केलेल्या वाणात आला. संकरित म्हणजे बी दरवर्षी विकत, हे तर झालंच, पण त्याने अळीचं दोन बाजूंनी भलं झालं. एक, हे वाण लांब मुदतीचे, १६०-१८० दिवस आणि पाणी असलं तर त्याच्याही पुढे, म्हणजे अळीला खायला महिनोन्‌महिने बोंडं. दोन, संकरित झाडाच्या बोंडात सगळ्याच सरकीत बीटीचं विष नसतं, काहींत असतं काहींत नसतं, आणि ही अळी सरकीच खाते. एका बोंडात थोडं विष थोडं साधं खाऊन ती निर्ढावत गेली. हे वाण कोणी निवडले? कास्तकाराने नाही निवडले, बाजारात दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

अमेरिकेतून ही अळी संपली म्हणतात, खरं का?

खरं आहे. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. त्यासाठी बीटी, रेफ्युजी, कामगंध (मादीच्या वासाने नराला भुलवणं) आणि नपुंसक केलेले पतंग विमानाने सोडणं, असं सगळं वर्षानुवर्षं एकत्र केलं. कास्तकार आणि सरकार दोघांनी पैसा घातला. चीनमध्ये बियाण्यातच बीटी आणि साधं मिसळलेलं होतं म्हणून तिथली अळी ताब्यात राहिली. दोन्हीकडे काम अख्ख्या पट्ट्यात झालं, एकट्यादुकट्याच्या वावरात नाही. पतंग उडतो, त्याला सातबारा कळत नाही.

मग वावरात ओळखायची कशी, आणि फवारा कधी मारायचा?

फुलोऱ्याच्या वेळी सकाळी वावरात जा आणि डोमकळ्या बघा, म्हणजे जी फुलं नीट उमलत नाहीत, पाकळ्या एकमेकीला चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. ती उघडली की आत अळी. डोमकळी दिसली की तोडायची आणि जाळायची, वावरातच टाकून यायची नाही.

कामगंध सापळे एकरी दोन लावा, बघण्यासाठी. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर येऊन अडकतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ च्या वर पतंग आले तर समजा वेळ झाली. नाहीतर वावरात वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघा, दोनात अळी निघाली तरी १० टक्के झालं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दोघंही हेच सांगतात.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामाची (अळीची अंडी मारणाऱ्या मित्रकिडीची) कार्डं. आणि एक कळकळीने सांगते, पीक ६० दिवसांचं व्हायच्या आत कडक औषधं मारू नका. मावा-तुडतुडे दिसले की दुकानातून दोन-तीन बाटल्या आणून एकत्र ओतायची सवय लागलीये, त्याने मित्रकिडी मरतात, पुढे पांढरी माशी वाढते आणि झाड माजून उंच होतं. बोंडअळीच्या वेळेपर्यंत खिसा रिकामा.

दुकानदार सांगतो तेच औषध घ्यावं लागतं. दुसरं कोण सांगणार?

हेच तर. कृषी सहायकाकडे किती गावं असतात तुम्हाला माहीत आहे, आता त्यांचं पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झालंय पण गावं तेवढीच. कागदपत्रं, योजना, पंचनामे, पोर्टल यातच त्यांचा दिवस जातो, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मग सल्ला देतो कोण, तर ज्याच्याकडे उधारी आहे तो. उधारीवर माल देणाऱ्याला "हे नको ते दे" म्हणायची हिंमत नसते, मला एकदा एका दुकानात मागितलं एक आणि दिलं तीन बाटल्यांचं कॉम्बो, आणि मी गुमान घेऊन आले कारण मागची बाकी होती. मला वाटतं सरकारने दुसरं काही नाही केलं तरी चालेल पण हंगामात दर आठवड्याला गावात येऊन सापळ्यातले पतंग मोजणारा आणि "या आठवड्यात फवारू नका" असं सांगणारा एक माणूस द्यावा. न मारलेल्या फवाऱ्याइतकी स्वस्त योजना दुसरी नाही.

२०१७ ला यवतमाळात काय झालं होतं?

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. दाट, दमट, ऊन. अळी आली म्हणून सगळे घाबरून फवारत होते, जास्त दाबाचे पंप आले होते, औषधं मिसळून मारत होते. उंच पिकात फवारा वर धरावा लागतो, मग तो अंगावर, तोंडावर येतो. ना मास्क ना हातमोजे, अंगात एक बनियन. जुलै ते ऑक्टोबरमध्ये आमच्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात होती, काहींची नजर गेली होती काही दिवस. त्यात कास्तकार होते आणि रोजंदारीने फवारणारे मजूर जास्त होते.

मग विशेष तपास पथक बसलं, पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. ६० दिवस! हंगाम संपत आला होता. आणि मोनोक्रोटोफॉस, जे भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई आहे, ते कापसावर चालूच राहिलं. २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, २०२३ च्या अंतिम आदेशात त्यातली मोजकीच उरली, मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करायचं तेव्हा ठरलं. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्याच्या जागी नवीन विधेयक २००८ ला आलं, मग २०२० ला राज्यसभेत आलं, पास एकही झालं नाही. एका जिल्ह्यात एका हंगामात एवढी माणसं जातात आणि कायदा तसाच राहतो, हे मला अजून पचत नाही.

विषबाधा झाली तर काय करायचं?

कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात न्या. बाटली लागतेच, कारण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा गटातल्या औषधांवर अॅट्रोपिन चालतं पण सगळ्याच औषधांवर उतारा नाहीये, डॉक्टरला कोणतं विष ते कळलं पाहिजे. दूध-तूप पाजत बसू नका, उलटी करवू नका. पाकिटावर त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळा असेल तर घेण्याआधी दहादा विचार करा.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, त्यात औषध हाताळताना झालेली विषबाधा धरतात, पण ती खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेतो त्याच्यासाठी ती नाही. सगळ्यात जास्त विष ज्याच्या अंगावर पडतं तोच योजनेच्या बाहेर, हे बदललंच पाहिजे.

मग सेंद्रिय का करत नाही?

काही जण करतात, चांगलं करतात. पण सेंद्रियला बिगर-बीटी बी लागतं आणि ते बाजारात शोधून मिळत नाही. माल वेगळा विकायची सोय नाही, जिनिंगवाला एकाच ढिगात टाकतो. आधी बी आणि बाजार द्या, मग उपदेश करा.

चोरबीटीबद्दल तुमचं मत काय? सगळे लावतात.

चोरबीटी म्हणजे तणनाशक सहन करणारं, सरकारी परवानगी नसलेलं कापसाचं बी. लावतात, कारण निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. तणनाशक मारलं की तण मरतं आणि पऱ्हाटी उभी, हे बघून मोह होणारच, मी त्यांना चोर म्हणणार नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने उघडपणे हे बी लावून सत्याग्रह केला, तेव्हा पर्यावरण कायद्यात ५ वर्षं कैद आणि १ लाख दंड होता तरी केला. त्यांचं म्हणणं की तंत्रज्ञान निवडायचा हक्क आमचा. ते मला अर्धं पटतं.

न पटणारं अर्धं असं, की हे बी येतं बिनबिलाचं, बिननावाच्या पाकिटात. त्यात तणनाशक सहन करणारं जनुक आहे का, बीटी आहे का, किती टक्के, काही माहीत नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार, पावतीच नाही. रेफ्युजी तर नाहीच. आणि तणनाशक मारल्यावर धुऱ्यावरच्या चिवळ-अंबाडीसारख्या रानभाज्या जातात, आंतरपीक म्हणून तूर-मूग घेता येत नाही, आणि निंदणावर ज्या बायांचं घर चालतं त्यांचा रोज जातो. हे वाण बनवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये त्याचा परवानगीचा अर्ज मागे घेतला आणि सरकारने तेव्हापासून हो पण म्हटलं नाही आणि नाही पण धड म्हटलं नाही. इथल्या कोरडवाहू वावरात चाचण्या घ्या, निकाल मराठीत गावात वाचून दाखवा, आणि एकदाचं ठरवा. लपूनछपून चाललं की त्यात मरतो तो लहान कास्तकार.

हमीभाव तर वाढतोय, मग तक्रार कशाची?

२०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला, आकडा चांगला दिसतो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर म्हणाले मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमचा कापूस घरात येतो ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे नेमका आमच्या वेचणीच्या वेळी बाहेरचा माल बिनशुल्क होता. सीसीआय (केंद्राचं कापूस महामंडळ) घेते, पण ओलावा बघते, अॅपवर नोंदणी मागते, आणि ज्याला दिवाळीला पैसे पाहिजेत तो खेडा खरेदीत व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो. हमीभाव दीडपट म्हणतात तोही खर्च कोणता धरता त्यावर आहे, जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरलं तर दीडपट होत नाही. स्वामिनाथन आयोगाची शिफारस उत्पादन खर्चाच्या दीडपट भावाची होती, आणि शेतकरी संघटना म्हणतात की तो खर्च म्हणजे हाच पूर्ण खर्च.

बोंडअळीची भरपाई मिळाली होती ना?

२०१७ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात जाहीर झालं, कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५००. त्यात तीन तुकडे होते, आपत्ती निधीतून, पीक विम्यातून आणि बियाणं कंपनीकडून. आम्ही 'जी' नमुन्याचे फॉर्म (बियाण्याच्या तक्रारीचे) भरले, पावत्या जोडल्या, रांगेत उभे राहिलो. आमच्या खात्यात आला तो पहिला तुकडा, कोरडवाहूचा ६,८०० च्या हिशेबाने. कंपनीचा रुपया मी तरी पाहिला नाही.

विम्याचं थोडक्यात सांगते. २०२३ ला एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात बंद झाला, आता कापसाला आपल्याला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आणि नुकसान ठरणार पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन घसरलं तरच. एकट्या माझ्या वावरात बोंडं किडली तर विम्याला ते दिसत नाही.

डिसेंबरात पऱ्हाटी काढा म्हणतात, पण फरदड कोण सोडणार?

हाच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फरदड म्हणजे डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी तशीच उभी ठेवायची आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत अजून दोन वेचण्या घ्यायच्या. त्या दोन वेचण्यांत अळी पोसली जाते, पुढच्या हंगामापर्यंत पोचते. जूनच्या आधी लावलेली पऱ्हाटी तिला परत जेवण देते. मधे चार-पाच महिने तिला काहीच खायला मिळालं नाही तर तिची साखळी तुटते, औषध न मारता तुटते. पण हे एकट्याने करून उपयोग नाही, माझी काढली आणि शेजाऱ्याची उभी, तर पतंग त्याच्याकडून माझ्याकडे.

म्हणून हे ग्रामसभेचं काम आहे. आमच्या ग्रामसभेत घरकुल, नाली, सौरदिवे यावर दोन दोन तास बोलतात, पिकावर पाच मिनिटं नाही, आणि निवडणुकीत कर्जमाफी सोडून शेतीचा दुसरा शब्द निघत नाही. २००८, २०१७, २०१९, तीन माफ्या पाहिल्या, गरज होती तेव्हा घेतल्या, पण माफीने अळी जात नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही बायांनी हा विषय लावून धरला आणि ठराव झाला की संक्रांतीच्या आत सगळ्यांनी पऱ्हाटी काढायची. ओलीतवाल्यांचा विरोध होता, त्यांचं नुकसान खरं आहे, त्यांना फरदडीऐवजी हरभरा-गव्हासाठी बी आणि वेळेवर वीज मिळाली तर ते सोडतील, ते सरकारने द्यावं. पहिल्या वर्षी साधारण निम्म्यांनी काढली.

आणि काढलेल्या पऱ्हाटीचं काय करायचं?

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पऱ्हाटी काढून आपण घराच्या मागे गंजी लावतो, चुलीला वर्षभर जळण होतं ना. त्या गंजीत न फुटलेली बोंडं असतात आणि त्यात अळी झोपलेली असते, पाऊस आला की पतंग होऊन निघते. म्हणजे वावर साफ आणि अळी अंगणात. श्रेडर आणा म्हणतात, चुरा करून जमिनीत गाडा, चांगलं आहे, पण ज्या घरी सिलिंडर भरायला पैसे नसतात ती बाई जळण जमिनीत गाडणार नाही, मी तिला तसं सांगूही शकत नाही. आम्ही एवढं करतो, की काढायच्या आधी धनगरांच्या मेंढ्या वावरात बसवतो, त्या उरलेली बोंडं-पाला खाऊन टाकतात, त्यांना चारा आणि आपल्याला खत. मग जी बोंडं राहतात ती तोडून जाळतो आणि नुसत्या काड्याच गंजीला लावतो. यंदा मेंढ्यांचा कळप यायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला, म्हणून पाच-सहा वावरं राहून गेली, पुढच्या वर्षी त्यांना दिवाळीतच निरोप धाडायचा ठरलंय.